खेळ मुलासाठी की मूल खेळासाठी?

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात वेळ नदीच्या काठी तळेगाव ढमढेरे हे जुने बाजाराचे गाव आहे. सुगी उरकून रान मोकळे झाले, म्हणजे त्या बाजूच्या कोणत्याही गावी सायंकाळी जावे. मुलांचे डाव मांडलेले दिसतातच. कोठे खोखो, कोठे हुतूतू, आणि आता बहुतेक ठिकाणी रबरी चेंडूचे क्रिकेट. अशाच एका मैदानावरील गोष्ट आम्ही आज वाचकांस सांगणार आहो. तीत जो दोष दिसेल तो दुसऱ्या कोणाचा नसून आमचाच आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

त्या वर्षी गावातील बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा संघ चालविण्याचे काम आमच्याकडे आले. आसपासच्या पाच गावांनी मिळून ठरविले होते की, शनिवारी सकाळची शाळा सुटली म्हणजे दुपारनंतर आळीपाळीने एकेका गावी सामना व्हावा. आमच्या संघात मुले चौदा, खेळावयाची अकरा. उरलेल्या तिघांत एका शेतमजुराचा मुलगा होता. अंगाने लहान, हाताने ढिला. पण मैदानावर सर्वांच्या आधी हजर. तो जागा झाडी, यष्ट्या रोवी, पाण्याची कळशी भरून आणी. सहा शनिवार झाले, तरी त्याच्या हाती फळी आली नव्हती. सहाव्या शनिवारी दुसऱ्या गावच्या संघाबरोबर आलेल्या शिक्षकांनी त्यास सहज विचारले, “काय रे, तू खेळत नाहीस का?” त्यावर तो म्हणाला, “आमचा संघ लई पुढं गेला की गुरुजी मला घालत्यात.” आणि थोडे थांबून, जणू आमचा बचाव करण्यासाठी, पुढे म्हणाला, “अजून तेवढं पुढं गेलो न्हाई.”

हे शब्द आम्ही पाठमोरे उभे असता ऐकले. असा नियम आम्ही कधी तोंडाने सांगितला नव्हता. मनातही शब्दांनी मांडला नव्हता. परंतु त्या बालकाने तो आमच्या वागण्यातून बिनचूक वाचला होता. जेथे आपल्याकडून कोणाचे नुकसान होऊ शकणार नाही, तेवढीच जागा आपल्यासाठी आहे, असे तो आमच्यापासून शिकला होता. हा धडा आम्ही सहा आठवडे शिकवीत होतो, आणि त्यास आम्ही खेळ म्हणत होतो.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. लहान मुलांचे सामने जो भरवितो, त्याने खेळ कोणासाठी मांडावयाचा? मुलासाठी खेळ, की खेळासाठी मूल? प्रश्न क्षुल्लक आहे असे कोणास वाटेल. परंतु खेड्यातील शिक्षकास, मंडळीच्या सेवकास आणि तरुण पुढाऱ्यास हे काम आज ना उद्या करावेच लागते. आणि मोठ्या माणसांचा न्याय कसा असतो हे मूल पहिल्याने शाळेच्या पुस्तकात नव्हे, तर मैदानावरच पाहते. म्हणून ह्या प्रश्नाचा थोडा विचार करू.

ह्या कामी अमेरिकेतील एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. त्या देशात बेसबॉल नावाचा खेळ घरोघरी खेळला जातो. आपला विटीदांडू आणि क्रिकेट ह्यांशी त्याचे दूरचे नाते दिसते. एकाने चेंडू टाकावा, दुसऱ्याने गोल दांड्याने तो मारावा, आणि शंकरपाळ्याच्या आकाराच्या मैदानाचे चारही कोपरे शिवून घरी यावे, म्हणजे एक धाव होते. एका बाजूस नऊ गडी असतात. पूर्वी मुलेही हा खेळ मोठ्यांच्या मैदानावर, मोठ्यांच्या साहित्याने खेळत. किंवा खरे म्हणजे काठावर उभी राहून पाहत. 1938 साली पेन्सिल्व्हेनिया प्रांतातील विल्यम्सपोर्ट गावी कार्ल स्टॉट्झ नावाचा एक साधा गृहस्थ आपल्या नात्यातील दोन मुलांबरोबर चेंडू खेळत असता त्याच्या मनात आले की, ह्या वयाच्या मुलांसाठी त्यांचा स्वतःचा खेळ का नसावा? पुढल्या वर्षी, म्हणजे 1939 च्या 6 जून रोजी, तीन लहान संघांच्या मंडळाचा पहिला सामना झाला. लाकडाच्या एका व्यापारी पेढीच्या नावाचा संघ दुधाच्या कारखान्याच्या नावाच्या संघाविरुद्ध 23 विरुद्ध 8 धावांनी जिंकला. हेच पुढे जगभर पसरलेले ‘लिटल लीग’.

त्या गृहस्थाने मोठे काम कोणते केले? त्याने मैदान मुलाच्या मापाचे केले. मोठ्यांच्या खेळात एका कोपऱ्यापासून दुसरा कोपरा 90 फुटांवर असतो; मुलांसाठी तो 60 फुटांवर आणला. चेंडू टाकणारा मोठ्यांच्या खेळात 60 फूट 6 इंचांवरून टाकतो. लिटल लीगच्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस आज 46 फुटांवरून टाकावा लागतो. मोठ्यांचे नऊ डाव, मुलांचे सहा. ज्यास मुलांचा खेळ चालवावयाचा आहे, त्याने हे आधी मनात धरावे. मोठ्यांची अंगरखी मुलास घालून, ती लोळते म्हणून मुलास रागे भरणे, हे शहाण्याचे काम नव्हे.

परंतु मैदान लहान केले, म्हणून मोठ्यांची मने लहान मुलांच्या मापाची होतात असे नाही. ह्याची परीक्षा तीन ठिकाणी होते.

पहिली परीक्षा मैदानाच्या वेशीशी होते: आत कोणास घ्यावयाचे? 1955 साली साउथ कॅरोलायना प्रांतातील चार्ल्सटन शहरी कॅनन स्ट्रीट वाय.एम.सी.ए.च्या कृष्णवर्णी मुलांचा एक संघ प्रांताच्या सामन्यांसाठी पुढे आला. त्याबरोबर प्रांतातील गोऱ्या मुलांच्या सर्व संघांनी माघार घेतली. प्रतिपक्ष उरला नाही, म्हणून ही मुले न खेळताच विजयी ठरली; आणि मैदानावर न खेळता मिळालेला विजय चालत नाही, ह्या नियमावर बोट ठेवून त्यांस पुढचा मार्ग बंद करण्यात आला. विल्यम्सपोर्टच्या अंतिम सामन्यास त्यांस पाहुणे म्हणून बोलाविले. थोडा वेळ मैदानावर सराव करू दिला, आणि मग सज्जात बसविले. प्रेक्षकांतून ‘ह्यांस खेळू द्या’ असा पुकारा झाला; तथापि ती मुले दुसऱ्यांचा खेळ पाहून घरी परतली. ज्या प्रांतात गावोगावी प्रार्थनामंदिरे आहेत, त्या प्रांतात हे झाले, हे आपण विसरू नये. मुलींची गोष्टही अशीच. 1972 साली न्यू जर्सीतील होबोकन गावी मारिया पेपे नावाच्या मुलीस तीन सामने खेळल्यावर संघ सोडावा लागला. पुढे न्यायाचा निवाडा तिच्या बाजूने झाला, आणि 1974 साली मुलींसाठी दार उघडले. तोवर तिचे वय उलटून गेले होते. न्याय मिळाला, पण ज्या मुलीमुळे मिळाला तिला तो खेळावयास सापडला नाही. मुलाच्या बाबतीत न्यायास उशीर लावणे म्हणजे नकार देणेच होय, कारण बालपण कोणासाठी थांबत नाही.

दूरच्या लोकांचा दोष दाखविणे सोपे असते. म्हणून आपल्या पुण्याकडेही पाहू. पालवणकर बाळू ह्यांच्यासारखा डावखुरा गोलंदाज त्या काळी देशात दुसरा नव्हता. चर्मकार घरात जन्मलेले हे गृहस्थ पुण्यास युरोपियनांच्या क्लबात मैदान राखण्याचे काम करीत व साहेबांस चेंडू टाकीत. पुढे हिंदूंच्या संघाने त्यांस खेळावयास घेतले. कारण त्यांच्यावाचून जिंकणे कठीण होते. परंतु चहाच्या वेळी इतर गडी आत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूंस तो बाहेर टाकाऊ मातीच्या भांड्यातून मिळे. त्यांनी 1911 साली इंग्लंडच्या दौऱ्यात 114 बळी घेतले. तरी हिंदूंच्या संघाचे नायकपद त्यांच्या घरात आले ते 1923 साली, त्यांचे बंधू विठ्ठल ह्यांच्या रूपाने. ह्यावरून एक गोष्ट उघड होते. ज्याच्यामुळे आपण जिंकतो त्यास मैदानात घेणे हा न्याय नव्हे; तो व्यवहार आहे. न्यायाची कसोटी चहाच्या पेल्याशी लागते, आणि ज्याच्यामुळे आपण हरू शकतो त्याच्याशी लागते.

आज शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव ह्या बाजूस कारखाने झाले आहेत, आणि परप्रांतातून व मराठवाड्यातून आलेल्या कामकऱ्यांची मुले आपल्या शाळांत बसतात. उसाच्या तोडणीस आलेल्यांची मुले काही महिने राहून जातात. ‘ही आपल्या गावची नव्हेत’ असे आपल्या तोंडून किती सहज निघते! ज्या लोकांच्या वाडवडिलांस एके काळी गावाच्या पाणवठ्यावरून परत फिरविले गेले, त्यांनी तरी आपल्या मैदानाच्या वेशीवर कोणास उभे ठेवू नये.

दुसरी परीक्षा वयाची. 2001 साली न्यूयॉर्कच्या एका संघातील मुलाने सर्व देशास थक्क केले. त्याचा चेंडू कोणास दिसेना. मग कळले की, बारा वर्षांच्या मर्यादेत खेळणारे ते मूल चौदा वर्षांचे होते, आणि मोठ्या माणसांनी जन्माचा दाखला दोन वर्षांनी खोटा केला होता. संघाचे सारे विजय रद्द झाले. त्या मुलाचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही, कारण लाज त्याची नव्हती. आपल्याकडेही शालेय सामन्यांत 14, 17 व 19 वर्षांखालील असे गट आहेत, आणि वय कमी लिहून देण्याचा मोह आपल्यासही ओळखीचा आहे. ह्यात प्रतिपक्षाची फसवणूक होते हे खरे. पण अधिक मोठी हानी आपल्याच मुलाची होते. आपल्या गुरुजींस आपला चेंडू हवा आहे, आपले खरे वय नको, हे त्यास कळून चुकते.

तिसरी परीक्षा आमच्या त्या कळशीवाल्या मुलाची, आणि तीच सर्वांत कठीण. कारण येथे खोटे बोलावे लागत नाही, कोणास हाकलावे लागत नाही. मुलास फक्त बसवून ठेवले की झाले. लिटल लीगच्या गावोगावच्या सामन्यांत ह्यावर एक नियम आहे. संघातील प्रत्येक मुलाने प्रत्येक सामन्यात एकदा तरी दांडा हाती घ्यावा, आणि प्रतिपक्षाचे सहा गडी बाद होईपर्यंत तरी मैदानात उभे राहावे. हे न पाळणाऱ्या चालकास शासन होते. पाहा, हा नियम मुलांसाठी लिहिला आहे, पण तो बांधतो मोठ्यांस. ज्यांनी तो केला, त्यांस आमच्यासारख्यांचे मन चांगले ठाऊक असले पाहिजे.

आणि हा विजयाचा लोभ केवळ दुबळ्या मुलासच नाडतो असे समजू नका. जो मुलगा उत्तम चेंडू टाकतो, त्याच्याकडून चालक पुन्हा पुन्हा टाकवून घेतो. बारा वर्षांच्या मुलाच्या कोपराचे व खांद्याचे हाड वाढीस लागलेले, कोवळे असते. अतिश्रमाने ते दुखावले, तर पुढे हात कामास येत नाही. म्हणून 2007 पासून लिटल लीगने चेंडूंची गणती ठरविली. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने एका दिवसात 85 हून अधिक चेंडू टाकू नयेत, आणि पुष्कळ टाकले असतील तर पुढे काही दिवस विसावा घ्यावा. एका मुलास बसवून झिजवावयाचे आणि दुसऱ्यास राबवून झिजवावयाचे, ह्या दोन्ही गोष्टी एकाच मुळापासून येतात. दोन्ही मुले आपल्या हातात साधने झालेली असतात.

येथे एक आक्षेप घेण्यात येतो, आणि तो वजनदार आहे. आम्हांस तो ज्या रीतीने ऐकावा लागला ती रीत सांगतो. त्या शिक्षकांनी प्रश्न विचारल्यानंतरच्या शनिवारी आम्ही त्या मुलास आरंभापासून खेळविले. सामना चुरशीचा झाला. अखेरीस एक सोपा झेल त्याच्याकडे आला आणि तो सुटला. आम्ही हरलो. आमची चांगली मुले रडली. त्यांतील एकाचे वडील जवळ येऊन म्हणाले, “गुरुजी, एका पोराला खूश कराया तुम्ही दहा पोरांची मेहनत पाण्यात घातली.” आम्ही निरुत्तर झालो. कारण त्यांचा मुलगा खरोखरच पहाटे उठून सराव करीत असे. कष्ट करणाऱ्याच्या पदरी कष्टाचे फळ पडू नये, हाही अन्यायच नव्हे काय?

ह्या आक्षेपावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे, आणि आमचे उत्तर असे आहे. प्रथम, प्रत्येकास काही वाटा आणि प्रत्येकास सारखा वाटा ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. जो अधिक कष्ट करतो, त्यास अधिक वेळ, अधिक जबाबदारीची जागा अवश्य द्यावी. परंतु घरी एक पोर अधिक काम करते म्हणून दुसऱ्याच्या पानात भाकरी वाढावयाची नाही, असे कोणती आई करते? किमान वाटा हा पराक्रमाचे बक्षीस नसून घरातला असल्याची खूण आहे.

दुसरे, बारा वर्षांच्या मुलात ज्यास आपण गुण म्हणतो, तो पुष्कळदा केवळ जन्माचा महिना असतो. एकाच वयोगटात वर्षारंभी जन्मलेला आणि वर्षअखेर जन्मलेला, ह्यांत जवळजवळ वर्षाचे अंतर पडते. आणि त्या वयात एक वर्ष म्हणजे दोन बोटे उंची व दंडात निराळाच जोर. ह्यात एकाच्या घरचे दूध आणि दुसऱ्याच्या घरची कोरडी भाकरी मिळवा. हा फरक कोवळ्या वयात कायमचा निवाडा म्हणून मुलाच्या कपाळी लिहावा, हे आपणास शोभत नाही. रोप आहे तोवर पाणी सर्वांस घालावे. पीक कोणते येईल ते मागाहून कळते.

तिसरे, आणि हे आम्ही त्या वडिलांस सांगावयास पाहिजे होते: त्यांच्या मुलाचे कष्ट पाण्यात गेले नाहीत. पहाटे उठण्याचे बळ त्याच्या अंगी राहिलेच. एक चषक गेला. पण आपल्याहून दुबळ्या गड्यास सोबत घेऊन हरणे कसे असते हे त्याने पाहिले; आणि संसारात, शेतात, मंडळीत त्याची गरज चषकाहून अधिक वेळा पडते.

तथापि एक गोष्ट झाकू नये. दुबळ्या मुलास खेळविल्याने आपण काही सामने हरू. आणि झेल सुटला म्हणजे इतर मुले त्यास बोल लावतील. मुलास मैदानात ढकलून त्या बोलण्यापुढे एकटे सोडणे हे त्यास बसवून ठेवण्याहून वाईट होय. ज्याने खेळविले त्याने पुढे येऊन म्हणावे, ‘मी खेळविले, हरलो तर माझ्या निर्णयाने हरलो.’ त्या दिवशी आम्ही निरुत्तर झालो, पण एवढे शब्द बोललो असतो तर बरे झाले असते. शिवाय, त्यास सहा आठवडे एकही झेल घ्यावयास शिकविले नव्हते, हा दोषही आमचाच होता. त्याचा झेल त्या दिवशी सुटला नाही. तो आम्ही सहा शनिवार आधीच सोडला होता.

लिटल लीगचा संस्थापक स्टॉट्झ हाही अखेर दुःखी झाला. त्याने लावलेले रोप फार मोठे झाले, व्यापाऱ्यांच्या हाती गेले, असे त्यास वाटले. आणि 1955-56 च्या सुमारास कज्जेखटले होऊन तो आपल्याच संस्थेपासून दूर झाला. कोणाची बाजू किती खरी ह्याचा निवाडा आम्ही करीत नाही. परंतु मुलांचा खेळ मोठा होऊ लागला, म्हणजे त्यात मुले दिसेनाशी होऊ लागतात, हा इशारा लहान गावानेही घ्यावा.

म्हणून ज्यांच्यावर हे काम येईल त्यांस आमची विनंती आहे की, पहिल्या सामन्यापूर्वीच, कोणाचा चेंडू कसा आहे हे कळण्याच्या आधी, काही गोष्टी लिहून मुलांस व आईबापांस वाचून दाखवाव्या. जो येईल त्यास घेऊ. खरे वय लिहू. प्रत्येक मूल प्रत्येक सामन्यात खेळेल. समर्थ मुलाचा हात मर्यादेपलीकडे वापरणार नाही. ज्याचा मुलगा खेळत असेल त्याने पंच होऊ नये. नियम आधी केलेला असला, म्हणजे मोहाच्या वेळी आपल्या मनाशी वाद घालावा लागत नाही.

आपल्या खोखोकडेच पाहा. 1914 च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधून दिले. पण खेळ त्याहून जुना. त्यात आठ गडी रांगेत बसलेले असतात. परंतु ते बसणे काठावर बसणे नव्हे. प्रत्येकाचे अंग सज्ज असते, कान मागे लागलेले असतात, कारण कोणत्या क्षणी पाठीवर हात पडेल आणि ‘खो’ येईल ते सांगता येत नाही. मूल काही वेळ बसले तर बिघडत नाही; पण आपणास हाक येणार आहे हे त्यास ठाऊक असले पाहिजे.

हरल्यानंतरच्या शनिवारी तो मुलगा येतो की नाही, ह्याची आम्हांस चिंता होती. तो नेहमीप्रमाणे सर्वांच्या आधी आला. त्याने जागा झाडली, पाणी आणले. मग कळशी खाली ठेवून, पूर्वी कधी विचारले नव्हते ते त्याने विचारले: “गुरुजी, आज मी कुठं उभा राहू?”

वाचकहो, आपल्या गावच्या मैदानाच्या काठी आज कोणी कळशी घेऊन उभे असेल, तर त्याने हे विचारण्यापूर्वीच आपण त्यास त्याची जागा दाखवावी.